लाल दोऱ्याच्या गाठी

एका राज्यात, म्हणजे खरं तर एका राज्याच्या दोन तुकड्यांत, लढाई लागून सहा वर्षं झाली होती. वज्रसेन आणि शार्दूलसेन हे सख्खे भाऊ नदीच्या दोन काठांवर राजे होऊन बसले होते. कशावरून भांडले ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. पण राजेच ते, त्यांना विचारणार कोण?

त्या राज्याची रीत अशी, की पूजा झाल्यावाचून शस्त्र उचलायचं नाही. अलीकडच्या काठी अग्निमठाचे महंत धुंडिनाथ तलवारीच्या मुठीला लाल दोरा बांधीत. पलीकडच्या काठी जळाईच्या देवळातल्या जोगीण रेणाबाई बांधीत. मधल्या बेटावरचे फकीर नूरशहा नावाड्यांच्या भाल्यांना बांधीत. तिघांनाही दोरा फुकट पुरवणारा एकच होता, कपालकेतू नावाचा जादूगार. फुकट ते पौष्टिक! कुणी चौकशी केली नाही.

तिथंच घात झाला. गाठ बसली की शस्त्र हाताला चिकटे, ते सुटेच ना. माणसं तलवारीसकट जेवत, तलवारीसकट झोपत. दोरा विस्तवाने जळेना, कट्यारीने तुटेना. उजाडलं की शस्त्र ओढील तिकडे जायचं आणि मारायचं.

महंत मोठे करारी. सोवळं इतकं कडक, की परक्या दारचं पाणी ओठाला लावायचे नाहीत. पण त्यांच्या काळजात एक काटा होता. एकुलती लेक येसू पलीकडच्या काठी दिली होती, आणि जावई सर्जेराव शार्दूलसेनाच्या फौजेत पहिल्या फळीला उभा. येसूला मूल झालं होतं. सर्जेरावाने ते अजून उचलून घेतलं नव्हतं, हाताला तलवार होती ना! येत्या पौर्णिमेला निकराची लढाई ठरली. महंतांनी बांधलेल्या पाचशे तलवारी जावयावर चालून जाणार होत्या. लेकीचं कुंकू पुसलं जाईल ते आपल्याच हाताने, हे कळत होतं आणि म्हातारा आतल्या आत पोळत होता.

एका सकाळी मठाच्या भिंतीवर भारद्वाज येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला, "धुंडिनाथा, ज्याने बांधली त्याच्याने ही गाठ सुटायची नाही. दोरा बांधणाऱ्या तुम्ही तिघांनी एकमेकांच्या दारचं पाणी प्यावं. तिघांनी एका पानावर जेवावं. मग भर रणात एकमेकांच्या गाठी सोडाव्यात." एवढं सांगून तो किडे टिपायला निघून गेला.

महंतांनी होडी काढली. नूरशहांच्या दारी पाणी पिताना त्यांना असा ठसका लागला, की फकिरालाच पाठ चोळावी लागली. मग फकिरालाही होडीत घेऊन ते पलीकडे गेले. रेणाबाईंनी तर उंबऱ्यातच सुनावलं, की सहा वर्षं आमची माणसं खाल्लीत, आता तहान लागली होय? तांब्या मात्र त्यांनीच भरला, आणि दोघेही प्याले. महंतांनी मान खाली घालून कबूल केलं, की दोरा कुठून येतो हे मी कधी विचारलं नाही. मग त्या दोघांनीही तेच कबूल केलं. परतताना बेटावर रेणाबाई फकिराच्या दारचं पाणी प्याल्या; मग महंत दोघांना मठात घेऊन आले, घागरीतलं पाणी दिलं, आणि तिघे एका केळीच्या पानावर आमटीभात जेवले. आमटी खारट झाली होती. तरी पान पुसून निघालं.

पौर्णिमा उजाडली. नदीच्या वाळवंटात दोन्ही फौजा एकमेकींवर धावल्या, आणि मध्ये तीन म्हातारी माणसं रिकाम्या हातांनी उभी राहिली. राजांनी बाजूला व्हायचा हुकूम केला. तिघांनी तो ऐकला आणि सोडून दिला. सर्जेरावाची तलवार नेमकी महंतांवर उगारली गेली. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण हात थांबेना.

"मामा, सरका. हा हात माझा राहिलेला नाही."

"जावईबापू, मूठ इकडे करा."

तलवार खांद्यात रुतली. महंतांनी तशीच मूठ धरली आणि जन्मात पहिल्यांदा जळाईचं नाव घेऊन ती गाठ नखांनी उकलली. दोऱ्याची राख झाली. तलवार वाळूत पडली.

मग काय विचारता! रेणाबाई अग्नीचं नाव घेऊन महंतांच्या गाठी सोडू लागल्या, महंत फकिराच्या, फकीर दोघांच्या. सुटलेला माणूस शेजारच्याला कव घालून धरून ठेवी. दुपार कलली तोवर शस्त्रांचा खच पडला. शेवटची गाठ सुटली, तसा तिकडे आपल्या गढीत बसलेला कपालकेतू, त्याचा जीव त्या दोऱ्यातच गुंतलेला, डोक्यापासून पायापर्यंत उसवत गेला आणि संपला.

राजे खवळले. पुन्हा पूजा करा म्हणाले.

"महाराज, पूजा होणार नाही," महंत म्हणाले. "तिन्ही दारी होणार नाही."

आणि पूजेवाचून शस्त्र उचलायचं नाही, ही तर रीतच! हजार माणसं बोटं उघडमीट करत उभी होती; शस्त्र उचलायला कुणीही वाकलं नाही. फौजेवाचून राजे ते कसले? रेणाबाईंनी दोघा भावांना एका होडीत बसवलं, नूरशहांनी वल्हं मारलं. बेट येईतो तह झाला. त्या राज्यात पुढे तलवारी गंजल्या आणि विळे झिजले.

खांदा बांधून होताच महंतांनी जावयाची चौकशी केली. सर्जेराव सासऱ्याच्या पाया न पडताच घराकडे पळाला होता. महंत चिडले. रीतभात म्हणून काही आहे की नाही? मग सोवळं वर खोचून तेही त्याच्यामागे धावत सुटले. नातवंड आधी कुणाकडे जातं ते बघायचं होतं. जावई जिंकला, आणि त्या हरण्याचा आनंद महंतांना जन्मभर पुरला.