गादीवरचा घोडा

हैबतराव जहागीरदारांची कंबर अशी धरली होती, की शिंक आली तरी ते हुजऱ्याला शिंकायला सांगत. दिवसभर गादीवर लोळायचं, तुपातला शिरा खायचा आणि कण्हायचं. त्रिंबक वैद्यांनी लेप लावून सांगितलं, “आता रोज सकाळी नदीपर्यंत चालत जा, सरकार. लेपानं निम्मंच काम होतं.”

भरल्या कचेरीत हैबतराव कडाडले, “जहागीरदारानं पायी हिंडायचं? बसल्या जागी बरं करा, नाहीतर उद्या बाडबिस्तरा घेऊन जहागिरीबाहेर निघा!”

वैद्यांचं घर आणि आजोबांनी लावलेली औषधांची बाग इथेच होती. ते हात जोडून म्हणाले, “निघतो. पण आधी एक फिर्याद ऐका. तुमच्याच जहागिरीत एक उमदा घोडा कुणीतरी महिनोन्‌महिने बांधून ठेवलाय. दाणा भरपूर, पण फिरवणं नाही. बिचाऱ्याची पाठ आखडलीय.”

घोडा म्हणजे हैबतरावांचा जीव की प्राण. ते लालबुंद झाले. “कोण तो हरामखोर? घोडा आत्ता सोडवा! आणि त्याची निगा राखणाऱ्या त्या मोतद्दाराला रोज घोड्याबरोबर नदीपर्यंत पायी पिटाळा!”

“निवाडा झाला,” वैद्य म्हणाले. “घोडा आणि मोतद्दार, दोघंही या गादीवरच बसलेत. उठा, सरकार.”

हैबतराव हसले, कळ आली म्हणून विव्हळले आणि पुन्हा हसले.

“वैद्यबुवा, उद्या तुम्हीही निघायचं.”

“कुठे, सरकार?”

“नदीवर. सुटलेला घोडा उधळला, तर धरायला कुणी नको?”