हसाजी आणि नसलेली ओळ

खाडीतून गलबतं शिडावर ये-जा करत तेव्हाची ही गोष्ट आहे. मांदखार गावात तेल्यांची बारा घरं होती. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनवार तेली म्हणे. ते इस्राएल लोक होते. त्यांचे पूर्वज फुटलेल्या जहाजातून या किनाऱ्याला लागले, असं म्हणतात. जहाजाबरोबर त्यांची पुस्तकंही बुडाली. उरली फक्त एक प्रार्थना, दोन ओळींची. मूल जन्मलं की ती म्हणायची, माणूस मेलं की तीच म्हणायची.

पुस्तक नव्हतं, पण नियम भरपूर होते. त्यातला एक असा की गावात काही घरं गोऱ्या इस्राएलांची आणि काही काळ्या इस्राएलांची. कातडीशी याचा संबंध नव्हता. मुकादम समाजी कोळशासारखे होते, आणि ते गोरे होते. ज्या घराण्यात कधीकाळी बाहेरची बाई आली ते घर काळं. काळ्यांनी गोऱ्यांच्या पंगतीला बसायचं नाही आणि मेल्यावर दफनभूमीच्या भिंतीच्या आत यायचं नाही. हे ठरवलं कोणी, असं विचारलं की म्हातारे सांगत, "पुस्तकात आहे." कुठल्या पुस्तकात? तर जे बुडालं त्यात.

हसाजी गोऱ्यांच्या घरात जन्मला आणि त्याच दिवशी त्याची आई गेली. तेव्हा गावात अंगावर पाजणारी बाई एकच होती, काळ्यांची लेयाबाई. तिने आपल्या रिबकेबरोबर हसाजीलाही पाजलं. ते दूध चाललं. त्याचा विटाळ कुणाला झाला नाही.

हसाजी वीस वर्षांचा झाला तेव्हा एका खलाशाने बातमी आणली की खाली कोचीला आपले धर्मग्रंथ वाचणारे लोक आहेत. हसाजी निघाला. लेयाबाईने त्याला आपलं हिरवं लुगडं दिलं. "पांघरायला होईल," ती म्हणाली. "आणि काय लिहिलंय ते नीट बघून ये हो बाबा. इथले नुसतेच सांगतात."

कोचीत तो बारा वर्षं राहिला. सकाळी खोबऱ्याच्या घाण्यावर राबायचा, दुपारी गुरूपुढे बसायचा. आधी अक्षरं शिकला, मग तोरा म्हणजे मूळ धर्मग्रंथ, मग तोरावर शेकडो वर्षं वाद घालणाऱ्या पंडितांचे ग्रंथ. एका ओळीपाशी तो चाळीस दिवस अडला आणि उठला तेव्हा अर्धी दाढी पांढरी झाली होती, असं म्हणतात. निघताना गुरूने त्याला तोराची गुंडाळी दिली, कातड्यावर बोरूने लिहिलेली. म्हणाला, "यात जे आहे ते वाच. जे नाही ते वाचू नकोस."

मांदखारच्या तोंडाशी येऊन गलबत खडकावर फुटलं. हसाजी तोरा लुगड्यात गुंडाळून, डोक्यावर धरून पोहत आला, आणि लुगड्याचा पदरसुद्धा भिजला नव्हता, असं म्हणतात. सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं. म्हाताऱ्यांनी रडत रडत त्या हिरव्या लुगड्याचं चुंबन घेतलं. लेयाबाई लांब उभी होती. तिला हात लावू दिला नाही.

दहा वर्षं हसाजी वाचत राहिला. अडलेले लोक होड्या करून त्याला विचारायला येत. मुकादम त्याला सगळीकडे मिरवत. त्याने दर शनिवारी वाचलं, पण कोणी नीट ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

मग पटकी आली. गोऱ्यांच्या घरात गोरे जाईनात, तेव्हा लेयाबाई दारोदार फिरून आजाऱ्यांना पेज पाजत होती. कुणी तिची जात विचारली नाही. नवव्या दिवशी पहाटे ती गेली.

मेलेल्या माणसाला सूर्य बुडायच्या आत मूठमाती द्यायची, असा धर्म आहे. रिबकेने आईला न्हाऊ घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, वर सब्जा ठेवला. हसाजी म्हणाला, "आईला भिंतीच्या आत ठेवायचं."

"वेडा झालास काय?" मुकादम म्हणाले. "पुस्तकात काय आहे, तुला ठाऊक नाही?"

"मी वाचलंय, काका. असं काही नाही."

"मग नीट वाचलं नसशील."

"तुमच्यासमोर वाचतो. पहिल्या अक्षरापासून. ओळ सापडली तर आईचा खड्डा मी स्वतः बाहेर खणीन. नाही सापडली तर ती आत."

मुकादमांनी तोरावर हात ठेवून कबूल केलं. एवढं सगळं एका दिवसात वाचून होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दफनभूमीच्या दारात हसाजी उभ्याने वाचू लागला. मूळ भाषेत वाचायचा, मग मराठीत सांगायचा. दुपार झाली तेव्हा तिसरा हिस्साही झाला नव्हता. रिबका पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "दादा, यांना एक अक्षर कळत नाही. सगळ्यांना आत घ्या असं लिहिलंय म्हणून सांग ना. कोण बघतंय?"

"आज मी तुझ्यासाठी खोटं वाचलं, तर उद्या दुसरा कुणी तुझ्याविरुद्ध वाचेल," हसाजी म्हणाला. पाण्याला त्याने तोंड लावलं नाही.

सूर्य खाडीवर उतरला, हातभर उंचीवर आला, आणि तिथेच थांबला. ओहोटी थांबली. बगळे उडाले ते हवेतच राहिले. हसाजी वाचत होता तोवर दिवस मावळला नाही, असं म्हणतात. म्हातारे पुढे सांगत की उन्हाळ्यात दिवस मोठाच असतो.

वाचता वाचता त्याचा घसा फाटला. शेवटच्या भागात एक ओळ आली. हसाजी क्षणभर थांबला, मग मोठ्याने म्हणाला, "मवाबी माणसाला मंडळीत घेऊ नये."

"सापडली!" मुकादम उठून उभे राहिले. "बाहेरच्यांना घ्यायचं नाही! ऐकलंत ना?"

"ही मवाब नावाच्या जुन्या मुलखातल्या लोकांसाठी आहे, काका. लेयाबाई मांदखारची. पुढं ऐका." पुढे ओळ आली की परक्याचा आणि पोरक्याचा न्याय बिघडवू नका. तीही त्याने तेवढ्याच आवाजात वाचली. शेवटचं अक्षर वाचलं तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि कातड्यावर सांडलं.

"नाही," तो म्हणाला. "अशी ओळ नाही."

मग मुकादम म्हणाले, "पुस्तकात नसेल. पण आपल्यात आहे."

हसाजीने त्यांच्याकडे पाहिलं. "मग मलाही बाहेरच ठेवा," तो म्हणाला, आणि उभा होता तिथे कोसळला. त्याबरोबर सूर्य दगडासारखा खाडीत पडला.

दोघांना भिंतीबाहेर शेजारी शेजारी पुरलं. पण एक गोष्ट राहिली होती. खराब झालेली तोरा वाचायला चालत नाही. ती माणसासारखी पुरायची, आणि पुरायची ती विद्वानाच्या शेजारी. हे हसाजीनेच गावाला शिकवलं होतं, आणि हा नियम खरोखर लिहिलेला होता. त्यामुळे गावाची एकुलती एक तोरा, लेयाबाईच्या लुगड्यात, भिंतीबाहेर गेली.

पुढची चाळीस वर्षं मांदखारमध्ये दुसरी आली नाही. मुलं पुन्हा ती दोन ओळींची प्रार्थना तेवढी शिकली. मुकादमांना याचं फारसं दुःख झालं नसावं.

कबरीला भेट देणारा इस्राएल माणूस तिच्यावर एक दगड ठेवतो. महिन्यानंतर रिबका हसाजीच्या कबरीवर गेली तेव्हा तिने तो दगड भिंतीतून उपटला. मुकादमांनी पाहिलं. तिने त्यांच्यादेखत दुसरा उपटला, तो आईसाठी. तेव्हापासून हसाजीच्या कबरीवरचा दगड भिंतीतलाच असतो.

आता मांदखारमध्ये आमची दोनच घरं आहेत. तोराचं वर्षाचं वाचन संपतं त्या दिवशी लांब गेलेले लोकही येतात. जमलेल्या बायकांत जी सगळ्यात लहान असेल ती विचारते, "सापडली का ओळ?" सगळ्यांनी म्हणायचं, "नाही." म्हातारे जरा हळू म्हणतात.

भिंत गुडघ्याएवढी उरली होती. गेल्या वर्षी गेलो तर ती कमरेएवढी होती. कोणीतरी पुन्हा रचतंय. आम्ही बाह्या वर केल्या आणि दगड काढायला लागलो.