सगळ्या ताऱ्यांतली एकच रेघ

डोंगरमाथ्यावरच्या एका वेधशाळेत धोंडोपंत नावाचे प्रमुख होते. ज्ञान दांडगे, गलमिशा पांढऱ्याशुभ्र आणि स्वभाव असा संशयी, की आरशात स्वतःला पाहिले तरी विचारतील, हा कोण टेहळतोय?

तिथे दोन दुर्बिणी होत्या. मोठी पंतांची, लहान त्यांचा मदतनीस अंबाजी याची. ताऱ्याचा उजेड काचेच्या लोलकातून गेला की त्याचा रंगीत पट्टा दिसे. पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असत. तारा कशाचा बनला आहे, ते त्यांवरून कळे. पण तिथली एक रीत होती. दर वर्षी प्रत्येक दुर्बिणीतून आधी सूर्याचा पट्टा काढायचा. चुन्याच्या भिंतीवर पडलेले ऊन दुर्बिणीत घ्यायचे, रेघा कागदावर उतरवायच्या आणि मग प्रत्येक तारा त्या कागदाशी ताडून पाहायचा.

त्या वर्षी अंबाजी म्हणाला, "पंत, मोठ्या दुर्बिणीतून सूर्य घ्यायचा राहिलाय. मी घेऊ का?"

पंतांच्या मनात पाल चुकचुकली. याला माझ्या दुर्बिणीला डोळा कशाला लावायचाय?

"सूर्य काय, रोजचाच आहे," ते म्हणाले आणि मोठ्या दुर्बिणीच्या खोलीला कुलूप ठोकले.

थोड्याच दिवसांत पंतांना प्रत्येक ताऱ्याच्या पिवळ्या रंगात एक जाड काळी रेघ दिसू लागली. आजवर कुणालाच न सापडलेली! ते हरखून गेले. पण अंबाजीच्या कागदांवर ती रेघ नव्हती. झाले, पंतांच्या डोक्यात किडा वळवळला. अंबाजी रेघ मुद्दाम लपवतोय. शेजारच्या राजाला नेऊन देणार असणार! त्यांनी त्याची शिदोरीसुद्धा सोडून पाहिली. भाकरी आणि ठेचा निघाला, तरी समाधान नाही. शेवटी त्यांनी आपल्या राजाकडे तक्रार केली.

राजा स्वतः डोंगर चढून आला. "अंबाजी, खरं सांग. नाहीतर बायकामुलांसकट आजच खाली उतर."

अंबाजीचे डोळे भरून आले. "महाराज, एकच मागणं आहे. पंतांच्या दुर्बिणीतून आधी सूर्य बघा."

कुलूप निघाले. दुर्बीण भिंतीवरच्या उन्हाकडे वळवली. सूर्याच्या पिवळ्या रंगातही तीच जाड रेघ! याच दुर्बिणीतून काढलेल्या मागच्या वर्षीच्या कागदावर मात्र ती नव्हती. म्हणजे खोट दुर्बिणीतच होती. अंबाजीने डोळा लावायचे भिंग उघडले. आत एक केस चिकटला होता. उजेडाच्या आड आल्यामुळे तो काळा दिसत होता.

"यानंच टाकला असणार!" धोंडोपंत ओरडले.

राजाने केस बाहेर काढून उन्हात धरला. तो पांढराशुभ्र होता. अंबाजीचे डोके काळेभोर होते. पंतांचा हात आपोआप गलमिशीकडे गेला आणि त्यांना मान वर करवेना.

"पंत, किल्ली अंबाजीकडे द्या," राजा म्हणाला, "आणि सगळे तारे पुन्हा ताडून पाहा. आधी सूर्य."

तात्पर्य: दुसऱ्याला खोटे ठरवण्याआधी आपली नजर एखाद्या पक्क्या गोष्टीवर तपासून घ्यावी, आणि ती तपासू पाहणाऱ्याला दाराबाहेर ठेवू नये.