कुठलं तळं, अण्णा?

“मग न्यायचं तरी कुठल्या तळ्यावर, अण्णा?”

यतीन कुबल सकाळपासून हेच विचारत होता. अण्णा मोंडकर धक्क्यावर मांडी घालून वल्ह्यांना तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अण्णा म्हणजे काय असामी होती, सांगू! मालवणच्या किनाऱ्यावरचा हा पिढीजात मासेमार, गाबित माणूस तरुणपणी बोटीवर नोकरीला लागला, फिरत फिरत कॅनडाच्या पार उत्तरेला पोचला आणि एका तळ्याकाठी लाकडाचं घर बांधून तिथलाच होऊन गेला. गळाने मासा धरावा तर अण्णांनीच, असं तिथले गोरेसुद्धा म्हणायचे. शिकायला लांबलांबून लोक यायचे. अण्णा सुरुवातीला कुणाच्या हातात गळच देत नसत, नुसतं पाण्याकडे बघत बसवत. एक नावाजलेला सर्जन या प्रकाराला वैतागून निघून गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात निमूट परत आला. अण्णांनी त्याला पुन्हा पाण्याकडेच बघायला बसवलं.

यतीन त्यांचा लाडका चेला. टोरांटोत इंजिनियर. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, आणि दोन्हींचा अभिमान जरा जास्तच. त्या अफाट मुलखात तळी किती, मोजायला बसलं तर जन्म जाईल. पण कुठल्या तळ्यात, कुठल्या महिन्यात, कुठला मासा लागतो ते यतीनला विचारावं. लोक विचारायचेही.

आणि आज तोच अडला होता.

“तुला तर सगळी ठाऊक आहेत,” अण्णा म्हणाले.

“तीच तर पंचाईत आहे!”

अण्णांनी वल्हं उलटं करून दुसऱ्या बाजूने चोळायला घेतलं.

यतीनने अण्णांच्या घराकडे पाहिलं. अंगणातल्या बाकावर त्याचे वडील, दत्ताराम, उन्हाकडे तोंड करून बसले होते. देवबागच्या समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस. डोळे चालले होते. लांबचं आत्ताच सगळं धुकं झालं होतं, हाताच्या अंतरावरचं तेवढं दिसे. तेही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी यतीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं. उन्हाळाभर ते मुलाकडे राहिले. आता रविवारचं परतीचं विमान होतं, आणि त्याआधी दोन दिवस यतीन त्यांना अण्णांकडे घेऊन आला होता.

“एकदा तुझ्याबरोबर गळ घेऊन गरवायला जायचंय,” एवढंच ते आल्यापासून म्हणत होते.

आणि यतीन उन्हाळाभर जागा निवडत होता.

“बघा ना अण्णा,” त्याने नकाशा धक्क्यावर पसरला. “हे वरचं तळं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जावं लागतं. ट्राउट मासा असा की दोन हातांत मावत नाही. पण बाबांना विमानाचा त्रास झाला तर? हे दुसरं. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसतात. बाबांना दिसतील... पण मासा कमी. आणि इथे नदीच्या तोंडाशी पाईक मासा हमखास लागतो, तर किनाऱ्यावर डास खाऊन टाकतात.”

“दत्तारामला विचारलंस?”

“विचारलं! ‘तू नेशील तिथे’ म्हणतात.” यतीनचा आवाज चढला. “त्यांना काय जातंय म्हणायला! उद्याचा एकच दिवस आहे, अण्णा. तो चुकीच्या तळ्यावर घालवला तर पुन्हा नाही. पुढच्या वर्षी त्यांना काही... काही दिसणारच नाही.”

त्याने उगाचच नकाशा नीट केला.

अण्णांनी तेलाची डबी मिटली.

“होडीत बस,” मग ते म्हणाले.

“आत्ता?”

“नाही, दिवाळीत. बस म्हणतो ना!”

धक्क्याला अण्णांची जुनी लाकडी होडी बांधलेली होती. अण्णांनी तेल चोळलेली दोन वल्ही तिच्या दोन बाजूंना अडकवली. यतीन कधी तिच्या वाटेला गेला नव्हता. तो मोटारीच्या होड्या चालवणारा. तो उतरला आणि पुढच्या टोकाकडे तोंड करून ऐटीत बसला. देवबागच्या खाडीत लहानपणी असाच बसायचा. तिथे एकच वल्हं हातात धरून, पुढे बघत होडी हाकतात.

अण्णांनी दोर सोडला.

यतीनने दोन्ही वल्ही जोरात ओढली, आणि होडी मागच्या मागे येऊन धक्क्यावर धाडकन आदळली.

अंगणातल्या बाकावरून वडिलांचं हसू ऐकू आलं. “झिला, खाडी विसरलास काय रे?”

“उलटा बस,” अण्णा म्हणाले.

“उलटा?”

“पाठ तिकडे कर. ही वल्ही पाठमोरं बसूनच ओढतात.”

“मग पुढचं दिसणार कसं?”

“नाही दिसणार.”

यतीन फळीवर फिरून बसला. समोर रिकामी मागची फळी, त्यामागे धक्का, आणि धक्क्यावर अण्णा.

“दत्ताराम,” अण्णांनी हाक मारली, “ये रे जरा.”

दत्ताराम चाचपडत आले. पण धक्क्यावरून होडीत उतरताना त्यांनी कुणाचा हात धरला नाही. मुलाच्या घरातला जिना धड उतरता येत नसलेला माणूस होडीत असा उतरला की होडी हललीसुद्धा नाही. जन्म पाण्यावर गेला म्हणजे असं होतं. यतीनला भारी कौतुक वाटलं. ते मागच्या फळीवर बसले, मुलाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

अण्णांनी गळाची काठी आणि आमिषाची डबी त्यांच्या मांडीवर ठेवली.

“कुठे जायचं?” यतीनने विचारलं.

अण्णांनी पायाने होडी ढकलली.

ती पाण्यावर वेडीवाकडी निघाली. यतीन घडोघडी मान वळवून मागे बघे, की वल्हं चुके आणि दोघांच्या अंगावर पाणी उडे.

“मागे काय बघतोस सारखा?” दत्ताराम म्हणाले. “तू ओढ. मी सांगतो.”

“बाबा, तुम्हाला लांबचं...”

“वारा दिसायला डोळे लागतात काय रे? उजव्या गालावर आलाय बघ. जरा डावीकडे घे... हां. आता सरळ.”

झालं! एकाला पुढचं दिसत नव्हतं, दुसऱ्याला लांबचं. तरी होडी सरळ चालली. यतीनने मान वळवायचं सोडून दिलं. वल्ह्यांना ताल आला, आणि दत्तारामनी चाचपून आमिष लावलं नि गळ पाण्यात सोडला.

उन्हाळाभर दोघं एका घरात होते, पण गाडीत बसले ते शेजारी आणि टीव्हीपुढे बसले तेही शेजारी. असं समोरासमोर बसायची वेळच कधी आली नव्हती. आता बघायला दुसरं काही नव्हतंच. वडिलांच्या भुवईवर मधोमध एक जुना व्रण होता. यतीनला तो कधी दिसलाच नव्हता.

“हे काय लागलं होतं, बाबा?”

“हे? तुझ्या जन्माच्या दिवशीचं. निरोप आला तेव्हा समुद्रात होतो. घाईघाईत जाळं ओढताना दोराचा फटका बसला.” ते हसले. “तुझी आई म्हणाली, पोराला बघायला आलात की रक्त दाखवायला!”

दोघंही हसले. कितीतरी वर्षांनी एकाच गोष्टीवर हसले.

मग दत्ताराम पुढे वाकले. अगदी जवळ येऊन, डोळे बारीक करून त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं. हात उचलून त्याच्या कानावरच्या केसांवरून फिरवला.

“तुझे केस पिकले की रे, झिला... कधी पिकले?”

वल्ही पाण्यात तशीच राहिली. होडी आपली आपण जात होती. यतीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. समोरच्या माणसापासून आता काय लपवायचं होतं!

वडिलांनी हात तसाच ठेवला.

होडी परत धक्क्याला लागली तेव्हा उन्हं कलली होती. अण्णांनी दोर धरला, दत्तारामना वर येऊ दिलं आणि गळ उचलून पाहिला. आमिष कधीच कुणीतरी खाऊन गेलं होतं. दोघांपैकी एकालाही कळलं नव्हतं. दत्ताराम लहान मुलासारखे खजील होऊन हसले आणि अंगणाच्या दिशेने गेले.

यतीन होडीतच बसून होता.

“कुठवर जाऊन आलात?” अण्णांनी विचारलं.

यतीनने मान वळवून तळ्याकडे पाहिलं. पलीकडचा काठ, मधली बेटं, झाडांची रांग... तो शोधत राहिला.

“नाही सांगता येणार, अण्णा,” तो हळूच म्हणाला. “लक्षच राहिलं नाही.”

अण्णांनी दोराची गाठ मारली आणि उठले.

“मग उद्यापण तिथेच जा.”