गिरजाईचा खडक

फार मागची गोष्ट. पैनगंगेच्या या काठाला वऱ्हाड होतं आणि त्या काठाला निजामाची मोगलाई. पाणी एकच, पण माणसं दोन जातीची असल्यासारखी वागायची. इकडचे तिकडच्या बोलीला हसत, तिकडचे इकडच्या कालवणाला नाकं मुरडत. नदीपार लेक देऊ नये, अशी दोन्हीकडची रीत.

ती एकदाच मोडली. मोगलाईतली गिरजा वऱ्हाडातल्या डोमाजी भोयाला दिली. वर्षभरात डोमाजी गेला, आणि माणसं पार करायचा त्याचा डोंगा तिनं हाती घेतला. सासू म्हणे, "पारची हाये वं ते!" माहेरी गेली तर भावजय दारातच म्हणे, "आली का वऱ्हाडीण?" कुणीतरी एकदा 'आमची' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ती नदीशीच बोलायची, असं म्हणतात. बोलेल नाही तर काय करील?

नदीच्या मधोमध खडकावर महादेव. श्रावणी सोमवारी वऱ्हाडचे सकाळी जात, मोगलाईचे दुपारी. डोंग्यात एकत्र कधी बसत नसत. एका वर्षी इकडचे आरतीला रेंगाळले, तिकडचे घाईनं आले, आणि वरून लोंढा आला. डोंगा एकच.

"पह्यले आमचे लेकरं!"

"का म्हणून? आधी आमची!"

गिरजा कडाडली, "मुडद्यांनो, पाणी गाव विचारून बुडवतं का? एक इकडचा, एक तिकडचा, असे बसा. नाहीतर डोंगा सोडून देते!"

बसले मुकाट. तिनं चार खेपा केल्या. पाचव्या खेपेला एक माणूस जास्त झालं. गिरजा खाली उतरली. वल्हं वऱ्हाडच्या गड्याला दिलं, बांबू मोगलाईच्या. "दोघं मिळून न्या. मग मला न्यायला या."

काठाला लागले, आणि तिथं भांडण जुंपलं.

"तुमची लेक, तुम्ही जा."

"अन् सून कुणाची? तुम्हीच आणा!"

वळून पाहिलं तर खडकावर पाणीच पाणी. ना गिरजा, ना तिचा आवाज.

पूर ओसरला तेव्हा खडक पुरुषभर वर आलेला होता. तेव्हापासून तो कधी बुडाला नाही, असं म्हणतात. जिवंतपणी जिला उंबरा मिळाला नाही, तिच्या नावानं मग दोन्ही काठ भांडले. आमची गिरजाई, आमची गिरजाई!

आजही श्रावणात दोन्हीकडचे लोक एकाच डोंग्यात, एकाआड एक बसून जातात. एक वल्हं मारतो, दुसरा बांबू रेटतो. खडकावर लुगडं-चोळी ठेवतात आणि हाक घालतात, "गिरजाई, चल घरी!"

कुणाच्या घरी, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.