सुतारानं घरी जुळवलेला कॉम्प्युटर

फार फार पूर्वी, साल मला ठाऊक नाही आणि तुम्हीही विचारू नका, एका राज्यात लोक कॉम्प्युटरवर लढाया खेळत. तेव्हा कुठला आला कॉम्प्युटर, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल उठून जावं. लहान असो की मोठा, बसायचं तर गप ऐकायचं.

त्या राज्याचा राजा वर्षातून एकदा मोठी लढत लावी. दुपारी नगारा वाजला की ज्यानं त्यानं आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरवर बसायचं. जो जिंकेल त्याला राजवाड्यात जन्माची चाकरी. नाव घालून जो बसला नाही, तो कायमचा बाद.

एका गावात एक तरुण सुतार होता. या खेळात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण घरी कॉम्प्युटर नाही. मित्र सोनार, त्याच्याकडे जाऊन खेळायचा. रंधा मारून मारून खांदे कामातून गेलेले. ती चाकरी मिळाली तरच सुटका. त्यानं नाव घातलं आणि विचारात पडला, कॉम्प्युटर तयार आणावा की घरी जुळवावा?

सोनार म्हणाला, "तयार आण. डबा ठेवला, वायर लावली, झालं."

सुतार म्हणाला, "त्या डब्यात काय कोंबलंय कुणाला माहीत? तेवढ्याच पैशात मी दुप्पट ताकदीचा जुळवीन."

आई म्हणाली, "विकतचं बिघडलं तर दुकानदाराच्या उरावर बसता येतं. घरी केलंस तर गाव तुझ्या उरावर बसेल. तुझ्या बापानं साऱ्या गावाच्या खाटा फुकट ठोकल्या, आणि आपण भुईवर निजलो."

"आई, तुझं आपलं काहीतरीच."

त्यानं शहरातून एकेक भाग आणला आणि जुळवला. खरं ते सांगितलं पाहिजे, झकास जुळवला. तेव्हाच दार लावून खेळत बसला असता तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण त्याला राहवेना. त्यानं गाव गोळा केलं, झाकण काढलं आणि दाखवत सुटला. हा प्रोसेसर, हे चित्रं काढणारं कार्ड, हा पंखा. लोकांनी आ वासला. याची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी मास्तर प्रिंटर घेऊन आले. मग तेलीण मोबाइल घेऊन आली. एकानं तर मिक्सर आणला. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "दोन मिनिटांचं काम आहे रे." त्या दोन मिनिटांत दिवस मावळायचा. सोनाराकडे कुणी फिरकत नसे. "त्यानं विकत आणलाय, त्याला काय कळतंय?" सोनार आरामात रोज सराव करी.

लढतीचा दिवस उजाडला. सकाळीच पाटील दारात. "काय रे सुतारा, पोराचा कॉम्प्युटर बंद पडलाय. आज त्याची लढत आहे. चल."

सुतार गेला. उघडून बघितलं. "पाटील, कार्ड जळलंय. शहरातून नवं आणावं लागेल."

"शहर तीन दिवसांवर आहे. तुझ्यातलं काढून लाव."

"अहो, माझीही लढत आहे! सोनाराकडेही असंच कार्ड आहे की."

"त्याच्या डब्याला दुकानाचा शिक्का आहे. तो फोडला तर दुकानदार दारात उभं करत नाही. तुझा काय, उघडाच. आणि तुला रे काय कमी? हातात कला आहे, दुसरं करशील!"

चार माणसं उभी होती. चौघांनीही माना डोलावल्या. सुताराला काही नाही म्हणवेना. तो घरी गेला, कार्ड काढून आणलं. नगारा वाजला तेव्हा तो पाटलाच्या ओसरीवर स्क्रू आवळत होता.

पाटलाचं पोर पहिल्याच लढतीत हरलं. पाटलानं चावडीवर सांगितलं, "सुताराचं कार्डच भिकार." गावाला ते पटलं. कार्ड काही परत आलं नाही. जिंकला सोनार, जो सुताराकडून रोज हरायचा. तो गाडीत बसून राजवाड्यात गेला. सुतार रंधा मारत म्हातारा झाला आणि तसाच मेला.

तात्पर्य: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यानं आपली कला चारचौघांत उघडून दाखवू नये.