भागाबाई आणि चाळीस बेडकांचा ठराव

फार वर्षांपूर्वी, बेडकांना कायदे करायचा भारी सोस होता त्या काळी, एका तळ्याच्या काठावर भागाबाई नावाची कासवीण राहायची. तिचं तळं आटलं, म्हणून ती इथे आली होती. पण बाहेरच्यांनी पाण्यात उतरायचं नाही, असा इथला कायदा होता. बिचारीची पाठ उन्हाने तडकायची.

कायदा बदलायला बेडूक कधीचेच राजी होते. अडचण एवढीच, की ठराव पास व्हायला चाळीसही बेडकांनी एकाच कमळाच्या पानावर बसायचं आणि अध्यक्ष फुगेरावांनी मोजायचं. विसावा बेडूक बसला, की पान बुडायचं.

"यंदा नक्की होणार, भागाबाई!" फुगेराव दरवर्षी सांगायचे.

बाराव्या वर्षी पान पुन्हा कलायला लागलं, तसा भागाबाईचा धीर सुटला. ती गुपचूप पाण्यात शिरली आणि तिने पानाला खालून पाठ लावली.

"चाळीस!" फुगेराव ओरडले. "ठराव पास!"

भागाबाईने हरखून डोकं वर काढलं.

"अरेरे," फुगेराव हळहळले. "बाहेरचं कुणी पाण्यात असताना घेतलेला ठराव रद्द होतो हो. आता तर तुम्हाला तळ्याबाहेर काढावं लागेल."

भागाबाईने गार पाण्यात अंग सैल सोडलं.

"त्यालाही ठराव लागत असेल ना?" तिने विचारलं.

"लागतो तर! चाळीसही जणांचा."

"मग बसा पानावर," असं म्हणून भागाबाईने खोल बुडी मारली.